कोरोना, वजन आणि ताट: लॉकडाऊनमध्ये नक्की कुणाचं काय वाढलं?

विषाणू गरीब-श्रीमंत बघत नाही, हे वाक्य २०२० मध्ये टीव्हीवर इतक्यांदा ऐकलं की ते खरंच वाटायला लागलेलं. मग त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत नीती आयोग, महापालिका आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांनी मिळून तीन वॉर्डांत लोकांचं रक्त तपासलं, कुणाला नकळत होऊन गेलाय ते बघायला. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या आणि त्याच वॉर्डांतल्या बिल्डिंगांमध्ये १६ टक्के. पिनकोड एक, हवा एक, पण एकीकडे दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसं आणि सकाळी सार्वजनिक संडासाची लाईन, तर दुसरीकडे टू बीएचके आणि दारात सॅनिटायझरची बाटली. विषाणूने कुणाला बघितलं नसेल, पण वाट त्याला आधीपासून आखलेली मिळाली.

हे संसर्गाचं झालं, आणि याबद्दल तेव्हा बऱ्यापैकी बोललं गेलं. मला लिहायचंय ते त्याच्या शेजारच्या गोष्टीबद्दल, म्हणजे वजन, खाणं आणि खाण्यावरून होणारा मनाचा त्रास. कारण त्या काळात वजनाबद्दल आपण दोनच गोष्टी ऐकल्या, एक म्हणजे 'जाड लोकांना कोरोना जास्त होतो' आणि दुसरी म्हणजे लॉकडाऊनमध्ये पोट सुटलेल्या माणसांचे मीम. दोन्हीत गंमत अशी की जाड होणं ही त्या माणसाची चूक, आळशी आहे, तोंडावर ताबा नाही, असं गृहीत धरलेलं. पण जरा खोलात गेलं की हे प्रकरण फार वेगळं दिसतं.

आधी शरीराचं बघू. 'जास्त होतो' हे तसं अर्धवट वाक्य आहे, ठळकपणे दिसलं ते असं की एकदा कोविड झाला की वजन खूप असलेल्या माणसांना तो जास्त गंभीर होत होता, ऑक्सिजन, आयसीयू, व्हेंटिलेटर लागायचं प्रमाण जास्त. याची एक बाजू साधी यांत्रिक आहे. पोटात चरबी जास्त असली की ती खालून श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, वर ढकलते, माणूस पाठीवर झोपला की अजूनच, त्यामुळे फुफ्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही, आणि कोविडच्या न्यूमोनियात बऱ्याचदा त्रास होतो तो नेमका त्याच भागाला. पेशंटला पालथं झोपवायचे ते याचसाठी, आणि वजनदार पेशंटला पालथं करायला चार-पाच जण लागतात, जे पीपीई किटमध्ये घामाघूम झालेल्या स्टाफला नेहमी जमायचंच असं नाही. दुसरी बाजू रसायनांची. पोटातली चरबी ही नुसती साठवलेली ऊर्जा नसते, ती सतत काही ना काही द्रव्यं रक्तात सोडत असते आणि त्यातून शरीरभर एक बारीक दाह चालू राहतो, राखेखाली निखारा धुमसत असतो तसा. कोविडमध्ये बऱ्याच जणांचा घात विषाणूपेक्षा त्याच्यावर खवळलेल्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने केला, तर ज्याच्या शरीरात निखारा आधीच आहे त्याच्याकडे भडका लवकर उडणार. त्यात डायबेटिस असेल तर झालंच. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस, ज्याला सगळे काळी बुरशी म्हणत होते, तो महाराष्ट्रात एवढा का पसरला तर आटोक्यात नसलेली साखर आणि वरून स्टिरॉइडचे डोस, हे त्याचं एक मोठं कारण. मुळात किती जणांना आपल्याला शुगर आहे हेच माहीत नव्हतं, ते कोविड वॉर्डात ॲडमिट झाल्यावर कळलं.

आता इथे एक गडबड आहे. वरचं सगळं वाचून डोळ्यासमोर कोण येतं? ढेरपोट्या, खात्यापित्या घरचा माणूस. तो असतोच, पण आपल्याकडे चरबीचा हिशोब नुसत्या डोळ्यांनी होत नाही, आणि हे जगाला दाखवून दिलं ते पुण्याने. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये स्वतःचेच दोन फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागल्यावर येणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. कागदावर दोघेही फिट. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के! दुपटीहून जास्त. माझ्या मते आरोग्यावरच्या शंभर भाषणांपेक्षा हे दोन फोटो जास्त सांगतात.

हे असं का, तर याज्ञिकांची टीम १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा करतेय, त्यातून धागा लागतो. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. म्हणजे आपलं बाळ सगळ्याच बाजूंनी लहान, पण सारखं लहान नाही, स्नायू बारीक, पोटातले अवयव लहान, आणि कातडीखालची चरबी मात्र बरीचशी टिकवलेली. आईला पोटभर आणि चौरस मिळालं नाही, त्यात शेतातलं काम, पाणी भरणं, सरपण चालू, तर पोटातलं बाळ असं काटकसर करून वाढतं. ती काटकसर पुढे आयुष्यभर टिकून राहते. असं मूल मोठं होऊन शहरात आलं, बसून काम करायला लागलं, वडापाव-चहा-बिस्किटावर दिवस काढायला लागलं की साठा थेट पोटात, आणि चाळिशीच्या आत शुगर. म्हणून तर पाश्चात्य देशांत बीएमआय २५ च्या वर गेला की वजन जास्त म्हणतात पण भारतीयांसाठी डॉक्टर २३ लाच सावध करतात.

म्हणजे कुपोषण आणि लठ्ठपणा ही दोन टोकं नाहीतच, एक बऱ्याचदा दुसऱ्याच्या पोटातून येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचं सर्वेक्षण २०१९ मध्ये झालं, म्हणजे कोरोना यायच्या आधी, तेव्हाच आपल्या राज्यात सुमारे २१ टक्के बायका गरजेपेक्षा बारीक आणि सुमारे २३ टक्के बायकांचं वजन जास्त (तेही २५ चा निकष धरून, २३ चा धरला तर अजून किती भर पडेल बघा), आणि पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी. हे वेगवेगळ्या गावांतले लोक नाहीत, एकाच घरात लेकरू खुरटलेलं, आई ॲनिमिक पण पोट सुटलेली आणि बापाला बीपी, हे चित्र कुठल्याही आशाताईला विचारा, ती म्हणेल यात काय नवीन. संशोधक याला सिंडेमिक म्हणतात, म्हणजे दोन-तीन साथी एकमेकींच्या हातात हात घालून चालतात आणि गरिबी त्यांना जागा करून देते. लॅन्सेटच्या संपादकांनी सप्टेंबर २०२० मध्ये कोविडबद्दल अगदी हेच लिहिलं होतं, की ही नुसती विषाणूची साथ समजाल तर फसाल.

बरं, मग लॉकडाऊन लागला. २५ मार्च २०२०. मुंबईत लोकल सामान्य लोकांसाठी बंद झाली ती फेब्रुवारी २०२१ पर्यंत, म्हणजे कल्याणवरून परळच्या सरकारी हॉस्पिटलला शुगर-बीपीच्या गोळ्या आणायला जाणाऱ्याने करायचं काय? अनेकांच्या गोळ्या सुटल्या. जिम राज्यात दसऱ्याला उघडल्या, त्यावर केवढी चर्चा झाली, पण ज्यांचा व्यायाम म्हणजे नाक्यावर उभं राहून काम मिळवणं आणि दिवसभर विटा वाहणं होता त्यांचा व्यायाम आणि जेवण एकाच दिवशी बंद झालं.

आणि सरकारने मदत केली नाही असं नाही, केली, ती काय होती ते नीट बघा म्हणजे मुद्दा कळेल. रेशनकार्डावर नेहमीचं माणशी पाच किलो धान्य होतंच, त्यावर प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेत अजून पाच किलो फुकट, आणि घरटी महिन्याला एक किलो डाळ. माणशी दहा किलो धान्य म्हणजे दिवसाला साधारण ३३० ग्रॅम, त्यातून अकराशे-बाराशे कॅलरी मिळतात, उपाशी मरायची वेळ येत नाही आणि ही फार मोठी गोष्ट आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. पण डाळीचा हिशोब करा. पाच माणसांचं घर, महिन्याला एक किलो, म्हणजे रोज माणशी साडेसहा-सात ग्रॅम, कच्ची डाळ चमचा-दीड चमचा. एवढ्यात वरणाला पिवळा रंग येतो, प्रोटीन नाही. भाजी, दूध, अंडं, फळ, तेल हे सगळं रोख पैशाने आणायचं आणि रोख तर संपलेली. कार्ड नसलेले, कार्ड गावाला ठेवून मुंबईत आलेले, त्यांचं अजून वेगळं. शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांना केली, त्याचा आधार बऱ्याच जणांना झाला, पण थाळ्या मोजक्या आणि रांग मोठी.

याच महिन्यांत पार्ले-जीचा खप कित्येक दशकांत झाला नव्हता एवढा झाला, कंपनीनेच सांगितलेलं. का नाही होणार? तेव्हा पाच रुपयांत अडीचशेच्या आसपास कॅलरी, शिजवायला गॅस नको, भांडं नको, चालत गावाला निघालेल्याच्या पिशवीत मावतं, पोराच्या हातात दिलं की रडं थांबतं. पाच रुपयांत एक केळं आलं तर शंभर कॅलरी. अंडं पाचालाही येत नाही आणि त्यात सत्तर कॅलरी. खिशात वीस रुपये असलेला माणूस मैदा आणि साखर निवडतो तेव्हा त्याला पोषण कळत नाही असं नसतं, त्याचा हिशोब आपल्यापेक्षा पक्का असतो. ज्याला आपण 'चुकीच्या खाण्याच्या सवयी' म्हणतो त्यातल्या निम्म्या किराणा दुकानातल्या भावफलकावर ठरलेल्या असतात.

शाळेतलं जेवणही गेलं. पहिली ते पाचवीच्या पोराला मध्यान्ह भोजनात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन मिळावं असा नियम आहे, सहावी ते आठवीला ७०० आणि २०. शाळा बंद झाल्यावर त्याऐवजी कोरडा तांदूळ आणि कडधान्य घरी द्यायला लागले. आता शाळेत वाढलेली खिचडी ती त्याच पोराच्या पोटात जाते. घरी गेलेला तांदूळ घराच्या डब्यात जातो आणि सगळ्यांत वाटला जातो, त्यातही आधी कमावणारा, मग मुलगे, मग मुली, आणि मग उरलं तर आई. हे कुणी दुष्टपणाने करत नाही, पण होतं असंच.

आता तिसरा भाग, ज्याबद्दल आपल्याकडे बोलायला शब्दच कमी पडतात, म्हणजे खाण्याचे मानसिक आजार. अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे वजनाच्या भीतीने खाणं जवळजवळ सोडणं, बुलिमिया म्हणजे भरमसाट खाऊन मग उलटी काढणं किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणं, आणि सगळ्यात जास्त आढळणारा बिंज ईटिंग, म्हणजे थोड्या वेळात खूप खाल्लं जाणं, थांबवता न येणं, लपून खाणं आणि नंतर स्वतःची किळस येणं. लग्नात चार जिलब्या जास्त खाल्ल्या तो बिंज नव्हे. ताबा सुटल्याची भावना आणि मागून येणारी लाज, ती खूण. आपला समज असा की हे श्रीमंत घरच्या मुलींचे चोचले, मॉडेलिंगबिडेलिंगवाल्यांचे. तसं अजिबात नाही.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना, जे स्वतःहून तयार झाले होते, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं ते शोधायचं होतं. पोरांचं वजन पाव भागाने उतरलं ते सोडा, ती दिवसभर अन्नाचाच विचार करायला लागली, ताट चाटायला लागली, घासभर जेवण तासभर पुरवून खायला लागली, आणि खाणं पुन्हा मोकळं झाल्यावर त्यातले काही पोट फुटेपर्यंत खाऊनही भूक भागत नाही म्हणायचे. यातल्या कुणालाही आधी खाण्याचा आजार नव्हता. म्हणजे उपासमार स्वतःच हे वागणं तयार करते. मग ती उपासमार डाएटची असो, पगार न झाल्याची असो. जिथे महिन्याच्या सुरुवातीला डबे भरलेले आणि वीस तारखेनंतर खडखडाट, तिथे 'आहे तोवर खाऊन घे' हे शरीरच शिकतं, आणि घरात अन्नाची शाश्वती नसणं आणि बिंज ईटिंग यांचा संबंध परदेशातल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलाय.

लॉकडाऊनने या आजाराला लागणारं सगळं साहित्य एका जागी आणून ठेवलं. दिवसाला आकार नाही, झोपेचं खोबरं, सतत भीती, मित्रमैत्रिणी नाहीत, दिवसभर झूमच्या खिडकीत स्वतःचाच चेहरा, इन्स्टावर कुणी दालगोना कॉफी करतंय तर कुणी सहा आठवड्यांत ॲब्स, आणि चोवीस तास घरच्यांच्या नजरा. 'अगं किती सुटलीस', 'घे अजून एक पोळी', 'आता बास कर', ही तिन्ही वाक्यं एकाच जेवणात ऐकणाऱ्या मुली होत्या. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेकडे खाण्याच्या आजारासाठी येणाऱ्या मुलामुलींची संख्या त्या वर्षी एकदम चढली. तिथे निदान मोजदाद तरी होते. आपल्याकडे पोरगी जेवत नाही तर पित्त असेल, नजर लागली असेल, नाहीतर नाटकं करते.

इंग्लंडचा विषय निघालाच आहे तर तिथलं एक उदाहरण फार बोलकं आहे. तिथे दरवर्षी शाळेत मुलांचं वजन-उंची घेतात. सहावीच्या वर्गात, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलांत, लठ्ठपणा २०१९-२० मध्ये २१ टक्के होता तो पुढच्या एका वर्षात साडेपंचवीसवर गेला. आणि त्यातही सगळ्यात गरीब वस्त्यांत जवळपास ३४ टक्के, सगळ्यात सुखवस्तू भागांत १४. तिथे गरिबी जाड दिसते कारण तिथे स्वस्त अन्न म्हणजे चिप्स आणि फ्रोझन पिझ्झा. तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन स्वतः एप्रिल २०२० मध्ये आयसीयूत जाऊन आले, बाहेर आल्यावर म्हणाले माझं वजन फार होतं, आणि जुलैच्या शेवटी वजन कमी करा म्हणून देशभर मोहीम काढली. पुढच्याच आठवड्यात, ऑगस्टमध्ये, त्यांच्याच सरकारने हॉटेलं चालावीत म्हणून लोकांना बाहेर खाण्यावर अर्धी सूट दिली, ज्यात बर्गरची दुकानंही होती! गरीब मुलांना सुट्टीतही शाळेच्या जेवणाचे पैसे मिळावेत म्हणून मात्र मार्कस रॅशफर्ड या फुटबॉलपटूला जाहीर पत्र लिहावं लागलं तेव्हा कुठे सरकारने निर्णय फिरवला. नंतर मोठ्या हॉटेलांच्या मेनूवर कॅलरी छापायचा कायदा आला, तर खाण्याच्या आजारांवर काम करणारी बीट ही संस्था म्हणाली अहो आमच्या पेशंटना आकडे मोजायचाच आजार आहे, त्यांच्या समोर अजून आकडे कशाला ठेवता. वजनाकडे नुसतं 'माणसाने ठरवलं की होतं' म्हणून बघितलं की धोरण असं एकमेकांच्या पायात पाय घालतं.

आणि लाज देऊन वजन उतरत नाही, हे तर वेगळं सांगायला नको. झालं तर उलटंच होतं, माणूस डॉक्टरकडे जायचं टाळतो, कारण घसा दुखतो म्हणून गेला तरी आधी वजनावरून ऐकावं लागतं, आणि कोविडसारख्या आजारात दोन-तीन दिवस उशीर म्हणजे काय ते आपण सगळ्यांनी बघितलंय. घरात कुणी लपून खातंय, जेवल्या जेवल्या बाथरूममध्ये जातंय, जेवायच्या वेळा टाळतंय, तर त्याला डाएट चार्ट देऊ नका, मानसोपचार तज्ज्ञाकडे न्या. पैसे नसतील किंवा कुठे जायचं कळत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. आणि स्वतःची तब्येत बघायची असेल तर वजनकाट्याआधी शिंप्याची टेप घ्या, आपल्या लोकांत कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांची ८० च्या पुढे गेली की एकदा शुगर तपासून घ्यावी, मग माणूस बारीक का दिसेना.

पण टेपने ताट बदलत नाही, त्यासाठी स्वस्त धान्यासारखं स्वस्त प्रोटीन लागतं. यात आपण काय शिकलो ते बघायचं तर एका अंड्याची गोष्ट पुरेशी आहे. कोरोना ओसरल्यावर २०२३ च्या अखेरीस महाराष्ट्राने शाळेच्या जेवणात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. पोरं खूश होती. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने नवा आदेश काढला, अंड्यासाठी वेगळा निधी मिळणार नाही, ज्या शाळांना द्यायचंय त्यांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत. आता ज्या गावातल्या पोरांना त्या अंड्याची सगळ्यात जास्त गरज आहे, त्या गावात लोकसहभागातून किती जमणार?